जादा टाकी आणि दहा कुमारिका

सामान्य काळातील बत्तिसावा रविवार
वाचने : ज्ञानग्रंथ ६:१२-१६, १ थेस्सलनीकाकर ४:१३-१८, मत्तय २५:१-१३



आजच्या शुभवर्तमानातील दाखला आपण लहानपणापासून ऐकत आलो आहोत. दहा कुमारिका दिवे घेऊन वराची वाट पाहत आहेत. पाच शहाण्या आणि पाच मूर्ख. वराला उशीर होतो, सर्वांना झोप लागते, मध्यरात्री हाक येते आणि मग कोणाकडे किती तेल आहे हे उघड होते. या दाखल्यावर या रविवारी काय बोलावे याचा विचार करीत असताना प्रभूने आम्हांला एका वेल्डिंगच्या दुकानात नेले. तिथे जे पाहिले व ऐकले ते संबंधितांच्या परवानगीने, नावगाव न सांगता, आपल्यापुढे ठेवीत आहोत.

चर्चच्या फाटकाची बिजागरी तुटली होती. ती दाखवायला आम्ही एका संध्याकाळी धामणकर नाक्याजवळ आपल्याच एका धर्मग्रामस्थाच्या वर्कशॉपमध्ये गेलो. नाक्यावरची संध्याकाळ आपल्याला माहीतच आहे. टेम्पो, रिक्षा, कापडाच्या गाठी वाहणाऱ्या गाड्या आणि कारखान्यांतून सुटलेली माणसे. या सर्व गर्दीत, समुद्रापासून इतक्या दूर, दुकानाच्या मधोमध बोटीसाठी डिझेलची टाकी तयार होत होती. आपल्या धर्मग्रामस्थाच्या पत्नीचे माहेर वसईच्या किनारपट्टीवर आहे. तिचा भाऊ मच्छीमार. त्याच्या लहान बोटीत मूळची चारशे लिटरची टाकी आहे. आता त्याला आणखी तीनशे लिटरची हवी होती. मेहुण्याचे हात चांगले आहेत आणि दोन पैसे कमी लागतील, म्हणून तो काम घेऊन इथवर आला होता. दोघेजण टाकीत थोडी हवा भरून जोडांवर साबणाचे पाणी लावीत होते आणि कुठे बुडबुडा येतो का ते पाहत होते.

आम्ही सहज विचारले, "एवढे जादा डिझेल कशाला?"

तो म्हणाला, "फादर, मासा आता जवळ राहिला नाही. आमचे वडील सकाळी जायचे आणि दुपारी परत यायचे. आम्हाला तीन-तीन, चार-चार दिवस बाहेर राहावं लागतं. आणि मागच्या हंगामात एकदा डिझेल संपलं."

मग त्याने त्या रात्रीची हकिगत सांगितली. बोटीचे इंजिन साठ अश्वशक्तीचे. बेताने चालवले तर तासाला आठेक लिटर डिझेल लागते. म्हणजे चारशे लिटर म्हणजे पन्नास तास. त्याने पंचेचाळीस तासांचा हिशेब मांडला होता आणि पाच तासांचे राखून ठेवले होते. हिशेबात चूक नव्हती. पण परतताना वारा फिरला. समोरून लाट येऊ लागली, बोटीचा वेग निम्म्यावर आला आणि इंजिन जास्त तेल खाऊ लागले. किनाऱ्याचे दिवे दिसत असताना, तीन तासांच्या अंतरावर इंजिन बंद पडले. बोटीवर पाच खलाशी होते. त्यांतला एक अठरा वर्षांचा, पहिल्याच हंगामाला आलेला.

बंधू-भगिनींनो, आता दाखल्याकडे पाहा. मूर्ख कुमारिकांकडे तेल मुळीच नव्हते असे प्रभू सांगत नाही. त्यांचे दिवे पेटलेले होते. वर ठरल्या वेळी आला असता, तर त्याही मिरवीत आत गेल्या असत्या आणि त्यांना मूर्ख कोणीच म्हटले नसते. त्यांचा हिशेब चुकला नव्हता, हिशेबात उशिराला जागा नव्हती. आणखी एक गोष्ट आपल्या लक्षात येत नाही. शहाण्या कुमारिकासुद्धा झोपल्या होत्या. प्रभू त्यांना त्याबद्दल दोष देत नाही. माणूस थकतो, डुलकी लागते, हे त्याला ठाऊक आहे. दोघींमध्ये फरक एवढाच की, एकीने दिव्याबरोबर तेलाचे भांडे घेतले होते.

सेमिनरीत तत्त्वज्ञान शिकताना संत थॉमस अक्वायनस यांच्याकडून आम्ही एक गोष्ट शिकलो. शहाणपण हा सद्गुण म्हणजे नुसती हुशारी नव्हे. दूरचे पाहणे, पुढे काय येऊ शकते याची आधी तजवीज करणे हे त्याचे मुख्य अंग आहे. ख्रिस्तसभेची परंपरा शहाणपणाला सर्व सद्गुणांचा सारथी म्हणते. आपल्या किनारपट्टीच्या भाषेत सांगायचे तर शहाणपण हा बोटीवरचा तांडेल आहे. जाळे ओढणारे हात दुसऱ्यांचे असतात, पण कुठून परतायचे हे तो ठरवतो.

आम्ही त्या मच्छीमार बांधवाला म्हणालो, "मग टाकी करता आहात हे बरेच झाले. आता काळजी नाही." त्यावर आपला वेल्डर धर्मग्रामस्थ हसला. म्हणाला, "फादर, हीच तर गंमत आहे. हा आता सातशे लिटरचा, म्हणजे सत्त्याऐंशी तासांचा धनी होणार. मी विचारलं, किती लांब जाणार? तर म्हणतो, ऐंशी तासांचा फेरा करीन. मग राखीव किती उरलं? सात तास. टाकी जवळजवळ दुप्पट झाली, आणि राखीव होतं तेवढंच राहिलं."

जुने जाणते दर्यावर्दी एक साधा नियम सांगतात. इंधनाचे तीन वाटे करा. एक जायला, एक यायला आणि एक हात न लावता राखून ठेवायला. सातशे लिटर असेल, तर दोनशे तेहतीस लिटर संपले की बोट वळवायची, मग समोर मासा दिसत असला तरी. राखीव म्हणजे जे हिशेबात धरायचेच नाही ते. ज्या दिवशी आपण ते हिशेबात धरतो, त्या दिवशी ते राखीव राहत नाही.

आपल्या घरांचेही असेच नाही काय? पगार वाढला की हप्ता वाढतो. ओव्हरटाइम मिळाला की मोठा टीव्ही येतो. घरात कोणी आजारी पडले की पुन्हा उसनवारी सुरू होते. टाकी मोठी झाली, राखीव मात्र तेवढेच राहिले. वेळेचेही तसेच. आठवड्याची सुट्टी मिळाली तर ती कामांनी काठोकाठ भरून टाकतो आणि मुलाने दोन मिनिटे थांबून काही सांगावे म्हटले, तर द्यायला आपल्याकडे दोन मिनिटे नसतात. रागाच्या क्षणी थोडा धीर शिल्लक असावा, तोही आपण दिवसभरात खर्च करून घरी येतो.

मग कोणी विचारील, जादा साठवणे चांगले की वाईट? पवित्र शास्त्रात दोन्ही बाजू आहेत. लूकच्या बाराव्या अध्यायातील श्रीमंत माणूस जुनी कोठारे पाडून मोठी बांधतो आणि देव त्याला मूर्ख म्हणतो. आजच्या दाखल्यात जादा तेल घेणारीला प्रभू शहाणी म्हणतो. निर्गमच्या सोळाव्या अध्यायात तर एकाच ठिकाणी दोन्ही आहेत. रानात इस्राएल लोकांनी मान्ना दुसऱ्या दिवसासाठी राखून ठेवला तेव्हा त्यात किडे पडले. पण सहाव्या दिवशी, शब्बाथासाठी म्हणून दुप्पट गोळा केला तो मात्र नासला नाही. वस्तू एकच, साठवणेही एकच. प्रश्न हा की, ते कोणासाठी व कशासाठी? कोठारे बांधणारा स्वतःशीच बोलतो, त्याच्या बोलण्यात देव नाही आणि शेजारीही नाही. शहाण्या कुमारिकेने तेल घेतले ते वरासाठी, त्याच्या वाटेवर उजेड पडावा म्हणून.

समुद्राच्या बाबतीतही हा प्रश्न विचारावा लागतो. जवळचा मासा संपला म्हणून लांब जायचे, लांबचा संपला की त्याहून लांब. टाक्या वाढत जातील, पण समुद्र वाढणार नाही. पोप फ्रान्सिस यांनी २०१५ साली सृष्टीच्या संगोपनावर काढलेल्या परिपत्रकात बेसुमार मासेमारीचा उल्लेख केला आहे तो याचसाठी. लहान बोटीच्या मच्छीमाराला दोष देण्यासाठी आम्ही हे म्हणत नाही. तो बिचारा या ओढाताणीत सर्वांत शेवटचा आहे. मार्च २०२२ मध्ये घाऊक खरेदीचे डिझेल लिटरमागे सुमारे पंचवीस रुपयांनी महागले, तेव्हा मच्छीमार सोसायट्यांचे काय हाल झाले ते त्यांनाच विचारावे. येत्या २१ नोव्हेंबरला जागतिक मत्स्यव्यवसाय दिन आहे. बाजारात बोंबील-पापलेटचा भाव करताना त्या हातांची आपल्याला आठवण राहावी.

त्या दुकानात आम्ही आणखी एक गोष्ट शिकलो. टाकी आतून रिकामी, मोकळी असेल असे आम्हांला वाटले होते. पण आत भोके पाडलेले आडवे पत्रे जोडलेले होते. आम्ही विचारले, यांनी तर जागा अडते. त्यावर उत्तर मिळाले, "फादर, तीनशे लिटर डिझेल म्हणजे अडीचशे किलो. टाकीचं वजन धरून तीनशेच्या वर. बोट कलली की हे सगळं तेल एकदम त्याच बाजूला धावतं आणि बोटीला आणखी कलवतं. पत्रे असले की ते हळूहळू जातं, धक्का बसत नाही. टाकी बसवायचीसुद्धा खाली आणि मधोमध. डेकवर कॅन बांधून नेणं सोपं, पण लाटेत तेच कॅन बोटीला उलटं करतात." शिवाय टाकीला श्वास घ्यायला एक नळी लागते, नाहीतर आत पोकळी होऊन डिझेल इंजिनकडे येतच नाही. आणि तळाशी एक छोटा नळ लागतो, साठलेले पाणी व गाळ वेळोवेळी काढून टाकायला.

किती खरे आहे! देवाने ज्याला पैसा दिला, शिक्षण दिले, अधिकार दिला, त्याच्याकडे वजन आले. त्या वजनाला शिस्तीचे पत्रे नसतील, तर पहिल्याच लाटेत तेच वजन त्याला बुडवते. जे पूर्ण बंद करून ठेवले, ज्यातून दुसऱ्याला काही जात नाही, ते स्वतःच्याही उपयोगी पडत नाही. आणि तळाचा गाळ काढण्यासाठी प्रभूने आपल्याला पापनिवेदनाचा संस्कार दिला आहे. गाळ एका दिवसात साठत नाही, म्हणून तो दिसत नाही. इंजिन मात्र ऐन वादळात बंद पडते, कारण लाटेने टाकी ढवळली की तळाचा गाळ वर येतो.

निघता निघता त्या मच्छीमार बांधवाने आम्हांला थांबवले. "फादर, एक विचारू का? रविवारचं शुभवर्तमान मला माहीत आहे. पण त्या शहाण्या बायका मला कधी आवडल्या नाहीत. तेल मागितलं तर नाही म्हणाल्या. आमच्या समुद्रावर असं कोणी करीत नाही. डिझेल संपलेली बोट दिसली तर वैऱ्याचीसुद्धा ओढून आणतात."

हा प्रश्न रास्त आहे आणि त्याचे म्हणणेही खरे आहे. २०१७ च्या डिसेंबरात ओखी वादळात केरळच्या साठाहून अधिक बोटी वाहत वाहत सिंधुदुर्गाच्या किनाऱ्यावर आल्या. साडेनऊशेच्या आसपास खलाशी होते. भाषा वेगळी, प्रांत वेगळा, पण देवगडच्या बंदराने त्यांना आसरा दिला. आपल्या नाक्याने तरी दुसरे काय केले? २१ सप्टेंबर २०२० च्या पहाटे पटेल कंपाउंडमधली इमारत झोपेतल्या माणसांवर कोसळली आणि चाळीसच्या आसपास जीव गेले. त्या अंधारात बचाव पथक येण्याआधी शेजारीपाजारी हातांनी ढिगारा उपसत होते. तू कोण, कुठला, हे कोणी विचारले नाही.

मग प्रभूने अशा नाही म्हणणाऱ्या बायकांना शहाण्या का म्हटले असेल? कारण ते तेल दिव्याचे नाही. संत आगस्टीन म्हणतात, ते तेल म्हणजे प्रीती. संत जॉन ख्रिसोस्तम म्हणतात, ते तेल म्हणजे गोरगरिबांवर केलेली दया. काही गोष्टी उसन्या देता येतात, त्या द्यायलाच हव्यात. डिझेल, दोर, भाकरी, रक्त, पैसा, रात्रीची सोबत. पण काही गोष्टी कितीही प्रेम असले, तरी देता येत नाहीत. आई मुलासाठी प्रार्थना करू शकते, मुलाच्या ऐवजी विश्वास ठेवू शकत नाही. पत्नी पतीसाठी उपवास करू शकते, त्याच्या वतीने पश्चात्ताप करू शकत नाही. शहाण्या कुमारिका निष्ठुर नव्हत्या. त्यांच्याजवळ जे होते ते ओतून देण्यासारखे नव्हतेच.

आम्ही त्याला हे सांगितले. तो बराच वेळ गप्प राहिला. मग जे बोलला, त्यासाठीच हे सारे आम्ही लिहीत आहोत.

त्या रात्री त्याची बोट ज्याने ओढून आणली, तो त्याचा थोरला भाऊ होता. वडिलांच्या घराच्या वाटणीवरून सहा वर्षे दोघांत बोलणे नव्हते. आईच्या अंत्यविधीलाही दोघे कबरीच्या दोन बाजूंना उभे होते. वायरलेसवर हाक ऐकून सर्वांत आधी त्याचीच बोट आली. त्याने दोर फेकला, याने बांधला. तीन तास एक भाऊ पुढे, एक भाऊ मागे, मध्ये दोर. किनाऱ्याला लागल्यावर थोरल्याने दोर सोडला, गुंडाळला आणि एक शब्द न बोलता निघून गेला. यानेही हाक मारली नाही.

"फादर, खरं सांगू?" तो म्हणाला. "ही टाकी मी करतोय ती पुन्हा त्याच्या दोराला बांधायची वेळ येऊ नये म्हणून."

बंधू-भगिनींनो, आम्हांला तिथल्या तिथे उत्तर सुचले नाही. टाकी तीच, पत्रा तोच, लिटर तेवढेच. पाच खलाशांच्या जिवासाठी केली तर ते शहाणपण. भावाची गरज उरू नये म्हणून केली तर ती त्या मूर्ख श्रीमंताची कोठारे. आम्ही एवढेच म्हणालो, "टाकी नक्की करा, ती हवीच. पण भावाने त्या रात्री दोर दिला, तो तुम्ही घेऊ शकलात. आता जे तुमच्याकडून जायला हवे, ते तो तुम्हांला उसने देऊ शकणार नाही. ते तुमच्याच टाकीतून यावे लागेल." त्याने मान खाली घातली. हो म्हटले नाही आणि नाहीही म्हटले नाही.

आपल्यापैकी किती घरांत असे दोर गुंडाळून ठेवलेले आहेत? कोणाची जमीन, कोणाची खोली, कोणाच्या लग्नातला मानपान. आपण म्हणतो, सवड मिळाली की बोलू. मोठ्या सणाला बोलू. कोणी आजारी पडले तर बोलू. म्हणजे वर ठरल्या वेळी येईल हे आपण गृहीत धरून बसलो आहोत. नोव्हेंबर हा आपल्या मृतांच्या स्मरणाचा महिना आहे. दफनभूमीत मेणबत्त्या लावताना प्रत्येकाला एकतरी कबर अशी दिसते, जिच्याशी बोलायचे राहून गेले. आजच्या दुसऱ्या वाचनात संत पौल आपल्याला धीर देतो की, ख्रिस्तात निजलेले हरवलेले नाहीत, प्रभू त्यांना घेऊन येईल. ही आपली आशा आहे. पण जे अजून जिवंत आहेत, शेजारच्या गल्लीत राहतात, त्यांच्याशी बोलायला पुनरुत्थानाची वाट कशाला पाहायची? दार अजून उघडे आहे. तेल विकणारे अजून दुकानात बसले आहेत. बंद दाराचे शब्द प्रभूने आपल्याला घाबरवायला सांगितलेले नाहीत. दार उघडे असतानाच ते ऐकून घ्यावे, म्हणून सांगितले आहेत.

या आठवड्यात आपण तीन लहान गोष्टी करू या. एक, दिवसातली दहा मिनिटे राखीव ठेवू, ज्यांना कामाचा हात लागणार नाही. ती प्रभूची. दोन, महिन्याच्या मिळकतीतला एक लहान वाटा बाजूला काढू, लांब जाण्यासाठी नव्हे, तर दुसऱ्याचे इंजिन बंद पडेल तेव्हासाठी. तीन, एका माणसाला पहिली हाक आपण मारू. तो उत्तर देईल की नाही, हे आपल्या हिशेबात धरायचे नाही.

टाकी तयार होऊन किनाऱ्याला गेली. दोघा भावांचे पुढे काय झाले ते आम्हांला माहीत नाही आणि माहीत असते तरी या पानावर लिहिले नसते. फक्त एक गोष्ट आपल्या वेल्डर बांधवाने सांगितली. टाकी गाडीत चढवण्याच्या आदल्या दिवशी मेहुण्याचा फोन आला होता. टाकीला आणखी एक तोटी बसवून दे म्हणाला. इंजिनसाठी नको, वेगळी, बाहेरच्या बाजूला, तिला पाइप जोडता येईल अशी. कशाला हवी असे विचारले, तेव्हा तो म्हणाला, "कधी कुणाला द्यायला लागलं तर."

प्रभू येशू त्या बोटीचे, समुद्रावरच्या सर्व बांधवांचे आणि आपल्या घरांचे रक्षण करो. समुद्रतारा पवित्र मरिया आपल्यासाठी विनंती करो. आमेन.

प्रभूमध्ये आपले,
धर्मगुरू